निकितीनने खरं लिहिलं, आम्ही फोटो टाकले



मॅगझिनच्या एडिटरचा मेसेज आला, "दादा, मराठी विभागासाठी परदेशप्रवासावर काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या ना. दीड-दोन पानं. सोबत चार-पाच फोटो." मी आधी नाहीच म्हटलं. कारण आपल्या मॅगझिनचे जुने अंक मी वाचलेले आहेत. होस्टेलच्या वाचनालयात लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ते पडलेले असतात आणि व्हायवाच्या आदल्या रात्री सबमिशन सोडून माणूस नेमके तेच वाचत बसतो. दर अंकात 'माझा परदेशप्रवास' असतोच. विमानात खिडकीची सीट, मग स्वच्छ रस्ते, मग शिस्त, मग 'आपल्याकडे हे कधी होणार?' आणि शेवटी 'पण घरच्या पुरणपोळीची सर कशालाच नाही'. खाली लेखकाचा गॉगल घातलेला फोटो.

मग विचार केला, लिहावंच. पण फोटो देणार नाही. का देणार नाही, तेच लिहितो.

ओळख थोडक्यात. मी मेकॅनिकलचा, तुमचाच सिनियर. एम-थ्री मध्ये दोनदा केटी, त्यामुळे स्टाफपैकी काहींना नक्की आठवत असेन. गाव मंचरच्या जवळ. पास झाल्यावर काही वर्षं चाकणला एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत होतो. २०२४ हे सगळं वर्ष कंपनीने मला साईटवर फिरवलं. आम्ही बनवलेली मशीन ज्या ज्या कारखान्यात गेली तिथे जाऊन ती उभी करायची, चालू करून द्यायची, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि पुढच्या विमानात बसायचं. तुर्कस्तानात बुर्सा, मग पोलंड, मग थायलंडमध्ये रायोंग, मग मेक्सिकोत केरेतारो. त्यानंतर जर्मनीत नोकरी मिळाली आणि २०२५ च्या सुरुवातीला इथे श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहायला आलो.

वाचायला किती भारी वाटतंय, नाही? एका वर्षात चार देश आणि वर पाचव्यात मुक्काम! आता आतली गोष्ट. एअरपोर्ट, हॉटेल, प्लांट, हॉटेल. चारही देशांतले प्लांट आतून चाकणसारखेच दिसतात. तेच पिवळे पट्टे, तोच कुलंटचा वास, तीच प्रॉडक्शन मॅनेजरची वैतागलेली नजर. रायोंगला समुद्र आहे म्हणतात. मी तिथे पाच आठवडे होतो, समुद्र एकदा टॅक्सीतून पाहिला. बुर्सात सेन्सर का ट्रिप होतोय ते शोधण्यात अकरा दिवस गेले आणि शेवटी सापडली एक सैल वायर, जी मीच लावली होती. (हे कंपनीला अजून माहीत नाही. मॅगझिन त्यांच्यापर्यंत पोचणार नाही अशी आशा आहे.)

पण फोटो मात्र टाकले. बुर्साची मशीद, पोलंडचा चौक, विमानाचा पंख, बर्फात मी. दर रविवारी एक. आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर तुम्ही लोकांनी अंगठे आणि आगीच्या ज्वाळा पाठवल्या. छान वाटलं, खोटं कशाला बोलू!

मेक्सिकोतली एक गोष्ट मात्र मी कुठेच टाकली नाही. ऑक्टोबरअखेर रात्रपाळी चालू होती. एका सकाळी प्लांटच्या गेटवर पाहतो तर झेंडूच झेंडू. कमान, माळा, पायऱ्यांवर पाकळ्यांचा सडा. मी वॉचमनला खुणेने विचारलं, काय आहे? तर त्यांचा मेलेल्या माणसांची आठवण काढण्याचा सण. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला असतो. झेंडू मुळात मेक्सिकोचाच. तिथून तो जगभर गेला आणि आज आमच्या आंबेगाव-जुन्नरचे शेतकरी तो दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी लावतात. त्या कमानीखाली उभं राहून मला एकदम आठवलं की लक्ष्मीपूजन आलं! खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये कॅलेंडर, आणि दिवाळी मला वॉचमनच्या फुलांवरून कळली. घरी फोन लावला तर आई म्हणाली, "तुला काल तीनदा लावला होता, झोपला असशील." झोपलो नव्हतो. फोन सायलेंटवर ठेवून पॅनेलमध्ये डोकं घातलं होतं.

आता मूळ विषयाकडे येतो. जर्मनीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक साठीकडे आलेला फिटर बसतो. जर्मन वंशाचा, पण जन्म आणि शाळा कझाकस्तानात, सोव्हिएत काळातली. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, इंडियात कुठला? आपण सवयीने 'मुंबईजवळ' म्हणतो तसं म्हणालो. तो म्हणाला, जवळ म्हणजे कुठे? म्हटलं, तुला माहीत नसेल, जुन्नर नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारचा तालुका. तर तो खुर्चीतून उठलाच! "जुन्नर! अफानासी निकितीन!" शाळेत शिकवलं होतं म्हणे त्यांना. आणि मी, ज्याने शिवनेरीवर शाळेच्या तीन सहली केल्या, लेण्याद्रीच्या पायऱ्या शिक्षकांचा डोळा चुकवून पळत चढल्या, त्याने हे नाव ऐकलेलं नव्हतं. अशी लाज मला एम-थ्रीच्या निकालातही वाटली नव्हती.

मग शोधून त्याच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर वाचलं. तुम्हीही वाचा, तासा-दीड तासात वाचून होतं. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी. व्होल्गा नदीतून निघाला, वाटेत आस्त्राखानजवळ लुटला गेला, उधारीवर घेतलेला माल गेला, परत जायची सोय राहिली नाही म्हणून पुढेच गेला. बाकू, इराण, होर्मुझ, आणि तिथून जहाजाने एक घोडा घेऊन चौलला उतरला. चौलहून घाट चढून जुन्नरला. काळ साधारण १४७० च्या आसपासचा, बहमनी राज्याचा. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा त्याच्या पाव शतक आधी. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा हिंदी-रशियन सिनेमाही निघाला होता. नर्गिस, बलराज साहनी वगैरे होते त्यात.

दोन महिने तो जुन्नरात अडकला, कारण पावसाळा. जुन्नर-आंबेगावच्या माणसाने ते वर्णन वाचावंच. तो लिहितो की चार महिने दिवसरात्र जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात. गाव एका खडकाच्या बेटावर वसलेलं आहे, वर जायला दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद की एकावेळी एकच माणूस जावा. आपण जाऊ तिथे लोक मागून येतात, गोरा माणूस बघायला, हेही त्याने लिहिलंय. बुर्साच्या त्या बाजारात पोरं माझ्यामागून 'हिंदुस्तान, हिंदुस्तान' करत येत होती त्याची आठवण झाली.

आणि घोडा! घोड्यांना इथे हरभरे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, असं तो लिहितो. शब्दही जवळजवळ 'खिचडी' हाच वापरलाय. मंडळी, साडेपाचशे वर्षांपूर्वी जुन्नरात घोड्याला साखर-तुपाची खिचडी मिळत होती. मेस कमिटीने नोंद घ्यावी.

तो घोडा त्याने शंभर रुबलला घेतलेला. त्याची सगळी पुंजी म्हणजे हा घोडा. जुन्नरचा सुभेदार असदखान याने तो काढून घेतला. निकितीन परधर्मी आहे हे कळल्यावर म्हणाला, आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडा गेला आणि दंडही भर. विचार करायला चार दिवस. चौथ्या दिवशी खुरासानचा एक मातब्बर मुसलमान गृहस्थ तिथे आला, त्याच्याकडे निकितीनने गयावया केली, त्याने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. परक्या मुलखात घोडा नेणाराही मुसलमान आणि सोडवून देणाराही मुसलमान, आणि दोन्ही गोष्टी त्याने सारख्याच सरळपणे लिहून ठेवल्या आहेत.

मला त्यात खरोखर धरून ठेवलं ते हिशोबाने. तो निघाला होता फायद्यासाठी. त्याला सांगितलेलं की हिंदुस्थानात आपल्याकडे खपेल असा माल मुबलक आहे. इथे येऊन पाहतो तर आपल्या देशासाठी काहीच नाही. मिरी आणि रंग स्वस्त, पण वाटेत जकाती जबर आणि समुद्रात चाचे. हे त्याने स्वच्छ लिहिलं, आणि ज्यांनी खोटं सांगितलं त्यांना एक शिवीही हासडली. धर्माची पुस्तकं लुटीत गेली म्हणून सणवार कधी आहेत ते कळेना. ईस्टर कधी येतो ते आकाशातल्या ताऱ्यांवरून आणि शेजाऱ्यांच्या रोज्यांवरून अंदाजाने धरत होता. चुकलं असेल, देवा माफ कर, असं पुन्हापुन्हा लिहितो. (त्याच्याकडे मोबाईल नव्हता. माझ्याकडे होता.) आपल्या देशासारखा देश नाही, देव त्याला सांभाळो, असं लिहितो आणि लगेच पुढे लिहितो की पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत. हे वाक्य मात्र त्याने रशियनमध्ये न लिहिता तुर्की वळणाच्या भाषेत लिहिलं, म्हणजे घरच्यांना सहज वाचता येऊ नये. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. वही तेवढी व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोचवली.

म्हणजे माणूस घरी पोचला नाही, पण हिशोब पोचला. आणि तो खरा होता.

आता माझा हिशोब.

२०२५ च्या फेब्रुवारीत इथे येऊन मला महिना झाला होता. घर मिळत नव्हतं. एका फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होतो, त्याचे महिन्याला चारशे युरो. त्या रविवारी एका किल्ल्यासमोर बर्फात उभा राहून फोटो टाकला. रात्री एक वाजता आपल्याच होस्टेलच्या एका ज्युनियरचा मेसेज आला. आमच्याच भागातला पोरगा, बी ब्लॉकचा. "दादा, जर्मनीला मास्टर्सला यायचं म्हणतोय. कसं आहे? फायदा आहे ना?" मी अकरा तास काम करून आलो होतो, पाय गारठलेले होते. मी उत्तर दिलं, "एकदम मस्त! ये बिनधास्त!" वर दोन ज्वाळा.

एवढंच. दोन मिनिटांत झोपलो.

पुढे काय झालं ते मला वर्षभराने कळलं, तेही आण्णांकडून. मंचरच्या बाजार समितीत त्या पोराचे वडील भेटले. म्हणाले, "तुमच्या पोरानं सांगितलं म्हणून पाठावला." पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने त्याला एका खासगी विद्यापीठात ॲडमिशन करून दिली, जिथे सरकारी विद्यापीठाच्या कितीतरी पट फी आहे. जर्मनीत शिक्षण फुकट म्हणून निघाला आणि फी भरायला लागला. हायवेलगतची बावीस गुंठे विकली. आज तो पोरगा आठवड्यातले तीन दिवस रात्री पार्सलच्या गोदामात खोकी लावतो आणि दिवसा लेक्चरला डुलक्या घेतो. त्याच्या वडिलांनी आण्णांना वाईट काही बोललं नाही. उलट, "चांगलं चाललंय, फोटो टाकतोय की," म्हणाले.

फोटो टाकतोय! हे ऐकल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्याला त्या रात्री मी दहा मिनिटं दिली असती तर काय सांगता आलं असतं? हे: की सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण माझ्या या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो आहेत. की व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, २०२४ साली ही रक्कम ११,९०४ युरो झाली. की २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या तपासणीचं एपीएस सर्टिफिकेट लागतं, त्यात महिने जातात, घाई करून कुठली तरी खासगी सीट धरू नकोस. की २०२४ च्या बदलानंतर विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण ते काम करून फी निघत नाही, भाडं निघालं तरी नशीब. की नोकरी लागल्यावर जो पगाराचा आकडा मित्रांना सांगतात त्यातले पस्तीस-चाळीस टक्के एकट्या माणसाचे कर आणि विम्यात जातात. की जर्मन भाषा येत नसेल तर कारखान्यात तुझ्याशी सगळे गोड बोलतील आणि काम दुसऱ्याला देतील. आणि हेही, की इथे काम शिकायला मिळतं, पाचला माणूस घरी जातो, चूक कबूल केली तर कोणी ओरडत नाही. तेही खरंच आहे. मला इथे आवडतं. आवडत नसतं तर लेख लिहिणं सोपं होतं.

कोणी म्हणेल, एवढं सगळं नेटवर आहे की. आहे. पण पोराने नेटला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. नेटवरच्या शंभर पानांपेक्षा आपल्या ब्लॉकमधल्या सिनियरच्या एका ओळीवर आपण जास्त विश्वास ठेवतो. मी पण ठेवला होता. चाकणच्या कंपनीतही मी एका सिनियरच्या 'ये बिनधास्त' वरच गेलो होतो.

आपल्या कॉलेजात दर दोन वर्षांनी 'ब्रेन ड्रेन : शाप की वरदान' अशी वक्तृत्व स्पर्धा होते. मी पण भाग घेतला होता, शापाच्या बाजूने, आणि उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक स्टीलचा डबा मिळाला. आता वाटतं की तो विषयच चुकीचा आहे. जाणारा गद्दार की हुशार, हा प्रश्नच जाणाऱ्याला कधी पडत नाही. खोडदचंच बघा. नारायणगावजवळची ती जीएमआरटीची दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. शाळेत असताना विज्ञान दिनाला आम्हाला टेम्पोतून तिथे नेलं होतं. ती उभी करणारे गोविंद स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला होते. १९६१ मध्ये त्यांनी आणि परदेशातल्या आणखी तिघा भारतीयांनी भाभांना पत्र लिहिलं की आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचं काम उभं करू इच्छितो. भाभांनी होकार कळवला आणि १९६३ मध्ये स्वरूप परत आले. ऑस्ट्रेलियात वापरातून काढलेल्या ३२ छोट्या डिश त्यांनी मिळवल्या आणि १९६५ ला कुठे उभ्या केल्या? कल्याणला! म्हणजे नाणेघाटाच्या पलीकडच्या टोकाला. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदराचा माल ज्या वाटेने जुन्नरला चढायचा तीच दिशा. पुढे उटी, आणि मग आपलं खोडद. २०२० मध्ये स्वरूप पुण्यातच वारले.

ही गोष्ट भाषणात सांगतात. पण एक भाग सांगत नाहीत. त्या चौघांतले मुकुल कुंडू हेही परत आले, काही वर्षं काम केलं आणि मग पुन्हा अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात गेले. तिथे मोठं काम केलं. त्यांना कोणी शाप म्हणत नाही, म्हणूही नये. पत्रावर सही चौघांची होती, आणि पत्रात लिहिलेलं खरं होतं, एवढं माझ्यासाठी पुरे आहे.

आणि येणारे? आपण सारखं 'जाणाऱ्यां'बद्दल बोलतो, पण जुन्नर स्वतः कितीतरी जणांचा परदेश होता. शिवनेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे की इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीच्या लेण्यात तिसऱ्या, चंद नावाच्या यवनाचं दान आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेले लोक. दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. परदेशातून आलेला माणूस गावाला काय देतो, तर पाण्याची टाकी आणि भिक्षूंच्या होस्टेलला मेस! आपले माजी विद्यार्थी कॉलेजला काय देतात, तर गेट-टुगेदरला मोमेंटो. असो. यात मीही आलो.

घरातलं एक सांगतो आणि थांबतो. माझ्या आजीचं माहेर जुनं आंबेगाव. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गावच आज डिंभे धरणाच्या पाण्यात आहे, घोडेगावला कचेरी आणि नाव आंबेगाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या वस्तीचे चौथरे उघडे पडतात. आजी पूर्वी दरवर्षी जाऊन बघून यायची, आता गुडघ्यामुळे जात नाही. मी जर्मनीला कायमचा जातोय म्हटल्यावर घरात रडारड, आई तर बोलेचना. आजी शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आरं, तुला माघारी येता येतंय ना? मंग कसला रं परदेस त्यो!"

मी हे तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर श्टुटगार्टच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात टोकन घेऊन तीन तास बसलो असताना आठवलं. माझ्यासमोर सीरियातलं एक कुटुंब बसलं होतं. बाई माझ्या आजीसारखीच, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिचा नंबर लागला तेव्हा अधिकाऱ्याने जन्मगाव विचारलं. दुभाष्याने सांगितलेलं नाव तिने दोनदा दुरुस्त केलं. माझा नंबर लागल्यावर मीही पहिल्यांदाच 'मुंबईजवळ' न म्हणता तालुका आंबेगाव सांगितलं, आणि त्याचं स्पेलिंग सांगण्यात पाच मिनिटं गेली.

तर मंडळी, एडिटरसाहेबांना माझी विनंती अशी आहे. पुढच्या अंकापासून माजी विद्यार्थ्यांकडून प्रवासवर्णन मागवू नका. एक पान ठेवा, त्यात जो परदेशी गेलाय त्याने लिहायचं: किती कर्ज, कशाच्या तारणावर, हातात पगार किती, खोली कशी, पहिल्या सहा महिन्यांत काय चुकलं. नाव नको हवं तर. फोटो अजिबात नको. टीपीओ सरांनीही ऑडिटोरियममध्ये 'सक्सेस स्टोरी' सांगायला माणूस बोलावताना त्याच्याकडून हे पान आधी भरून घ्यावं. पोरं जायची थांबणार नाहीत, थांबूही नयेत. फक्त बाप जेव्हा गुंठे विकायला निघेल तेव्हा त्याच्या हातात दोन ज्वाळांपेक्षा जास्त काहीतरी असावं.

मी माझं पान या लेखासोबत पाठवलं आहे. सैल वायरीसकट.

लेख पाठवण्याआधी एक काम बाकी होतं. तो पोरगा गेल्या शनिवारी ट्रेनने माझ्याकडे आला होता, दोन तासांचा प्रवास. मी खिचडी लावली, साखर-तूप नाही, लसूण-मिरचीची. जेवताना त्याला सगळा लेख वाचून दाखवला, त्याच्याबद्दलचा भाग वाचताना माझा आवाज जरा खाली गेला. छापू का, म्हणून विचारलं. तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "छाप दादा. पण तू वीस लिहिलंयस. बावीस गुंठे होती."

दुरुस्त केलंय.